दोन वर्गण्या

१९१२ साल उजाडलं तेव्हा स्वीडनमध्ये एकाच वेळी दोन वर्गण्या फिरत होत्या. एक युद्धनौकेसाठी होती. कार्ल स्टाफ यांच्या उदारमतवादी सरकारनं आधीच्या सरकारनं मंजूर केलेल्या चिलखती जहाजाचं काम थांबवलं, तेव्हा राजनिष्ठ मंडळींनी ठरवलं की सरकार बांधत नसेल तर लोक बांधतील. तीनेक महिन्यांत दीड कोटी क्रोनरांवर रक्कम जमली. दुसरी वर्गणी ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग या आजारी, भांडकुदळ नाटककारासाठी होती. नोबेल पारितोषिक देणाऱ्या अकादमीनं त्याला कधीच जवळ केलं नव्हतं. म्हणून कामगारांनी आणि लेखकांनी मिळून पैसे गोळा केले. एकूण ४५,००० क्रोनर झाले आणि लोक त्याला ‘नोबेलविरोधी पारितोषिक’ म्हणू लागले. त्यानं त्यातली बरीच रक्कम गरजूंना वाटून टाकली आणि मे महिन्यात तो वारला.

रकमा पाहिल्या तर सामना एकतर्फी वाटतो. तरीही दहा वर्षं उलटायच्या आत दुसऱ्या यादीतल्या माणसांचा पक्ष देशाचा कारभार पाहत होता, आणि पहिल्या यादीतल्या माणसांनी, कुरकुरत का होईना, ते मान्य केलं होतं. रक्त फार सांडलं नाही. हे कसं घडलं, याचा शोध म्हणजे हे पुस्तक.

आपल्याकडे स्वीडनची एक ठरलेली प्रतिमा आहे. शांत माणसं, चोख कारभार, भरपूर कर आणि त्याबदल्यात पाळण्यापासून सरणापर्यंतची काळजी. ही प्रतिमा खोटी नाही, पण ती उत्तरार्धाची आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा स्वीडन गरीब होता, आणि माणसं देश सोडून चालली होती. १८५० ते १९३० या काळात बारा लाखांहून अधिक स्वीडिश लोक उत्तर अमेरिकेत गेले. १९०० साली देशाची लोकसंख्या जेमतेम ५१ लाख होती, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं. सरकारनं १९०७ मध्ये या गळतीची चौकशी सुरू केली. संख्याशास्त्रज्ञ गुस्ताव सुंडबार्ग यांच्या देखरेखीखाली तिचे खंडांवर खंड निघाले. जाणाऱ्यांना, का जाताय, असं विचारलं गेलं आणि त्यांची पत्रं छापली गेली. जमीन नाही, सैन्यातली सक्तीची भरती नको, मालकापुढे टोपी काढून उभं राहायचा कंटाळा आला, अशी ती उत्तरं आहेत. सरकारी अहवालात इतकी कडवट माणसं सहसा बोलत नाहीत.

आणि मत? मत पैशाचं होतं. संसदेच्या दुसऱ्या सभागृहासाठी मत द्यायचं तर वर्षाला ८०० क्रोनरांचं करपात्र उत्पन्न किंवा तेवढ्या तोलाची मालमत्ता लागे. स्थानिक निवडणुकांत तर जेवढा कर तेवढी मतं. कंपन्यांनाही मत होतं. १८७१ च्या नोंदींत अशा ५४ ग्रामीण पालिका सापडतात, जिथे एकाच मतदाराकडे निम्म्याहून जास्त मतं होती. म्हणजे सभा भरवायचीही गरज नव्हती. संसदेचं पहिलं सभागृह याच स्थानिक संस्थांतून निवडलं जात असल्यामुळे वरची कडी जमीनदारांच्या आणि कारखानदारांच्या हातात राही. १९०१ साली सक्तीची लष्करी सेवा वाढली, तेव्हा खालून एक घोषणा आली : एक माणूस, एक मत, एक बंदूक. बंदूक देता तर मतही द्या. याला उत्तर देणं अवघड होतं, आणि पुराणमतवादी नेते आर्विद लिंडमान यांना ते कळलं. त्यांच्याच सरकारनं १९०७ मध्ये पुरुषांच्या मताधिकाराचा कायदा संमत करून घेतला. मधल्या निवडणुकीनंतर १९०९ मध्ये त्याला पुन्हा मंजुरी मिळाली. सोबत त्यांनी प्रमाणबद्ध प्रतिनिधित्व आणलं, म्हणजे पूर आला तरी आपलं घर पूर्ण बुडू नये. स्थानिक निवडणुकांत श्रीमंताची मतं ४० वर आणून थांबवली. चाळीस! आणि याला सुधारणा म्हणत होते. लिंडमान हा माणूस मला या काळातला सर्वांत चतुर राजकारणी वाटतो. त्याच्यावर कुणी नाटक लिहिलं नाही, कारण त्यानं कधी नाटक केलं नाही.

१९०५ चं नॉर्वे प्रकरण मी थोडक्यात आटोपतो, त्यावर इतरत्र पुष्कळ लिहिलं गेलं आहे. ७ जूनला नॉर्वेच्या संसदेनं स्वीडनबरोबरचा, दोन देश पण राजा एक असा, राजसंयोग संपल्याचं जाहीर केलं. ऑगस्टमधल्या सार्वमतात ३,६८,२०८ मतं वेगळं होण्याच्या बाजूनं पडली आणि १८४ विरुद्ध. सीमेवर फौजा होत्या, स्टॉकहोममध्ये युद्धाची भाषा चालू होती. सेथ हॉगलुंड या तरुण समाजवाद्यानं शस्त्रं खाली ठेवा असं पत्रक काढलं आणि तुरुंगवास पत्करला. शेवटी कार्लस्टाड गावी वाटाघाटी झाल्या आणि दोन्ही बाजू घरी गेल्या. म्हातारा राजा ऑस्कर दुसरा याला ते फार लागलं. आणि एका मोठ्या वर्गाच्या मनात सल राहिला, की आपण एकेकाळचं बलाढ्य राज्य, आणि गोळी न झाडता निम्मं राज्य सोडून दिलं.

हा सल कुठे उफाळला, तर वर्तमानपत्राच्या साहित्यविषयक स्तंभांत. पुढच्या प्रकरणांत मी याच गोष्टीवर रेंगाळलो आहे, वाचकानं थोडा धीर धरावा.

एप्रिल १९१० मध्ये स्ट्रिंडबर्गनं एका स्टॉकहोमी दैनिकात ‘फेरोची पूजा’ नावाचा लेख लिहिला. लक्ष्य होतं बारावा कार्ल, अठराव्या शतकाच्या आरंभीचा लढवय्या राजा, जो रशियावर चालून गेला, पोल्टावाला हरला आणि १७१८ मध्ये नॉर्वेत एका वेढ्यात गोळी लागून मेला. स्टॉकहोमच्या मध्यवर्ती बागेत त्याचा पुतळा आहे, हात पूर्वेला, रशियाकडे दाखवणारा. वेर्नर फॉन हेडेनस्टाम या कवीनं त्याच्या सैनिकांवर कथा लिहिल्या होत्या आणि त्या घराघरांत पोचल्या होत्या. स्ट्रिंडबर्गचं म्हणणं सरळ होतं : ज्यानं देश भिकेला लावला त्याचीच पूजा चालली आहे. मग तो हेडेनस्टामवर घसरला, मग अकादमीवर, मग स्वेन हेदिनवर. हेदिन म्हणजे तिबेटचा नकाशा काढणारा, सिमल्याला इंग्रजांच्या नाकावर टिच्चून हिमालयापलीकडे गेलेला धाडसी प्रवासी. तो १९०९ साली परतला तेव्हा स्टॉकहोमनं त्याला डोक्यावर घेतलं होतं. स्ट्रिंडबर्ग तरुणपणी राजग्रंथालयात नोकरीला होता. जुने नकाशे मी पाहिलेत, या गृहस्थानं नवं काय शोधलं, असा त्याचा सवाल. तो अन्यायकारक होता. त्याच्या या लेखांतलं निम्मं वैयक्तिक उणंदुणं आहे, हे त्याच्या चाहत्यांनीही कबूल करायला हवं. पण वाद पेटला आणि दोन वर्षं विझला नाही. शेकड्यांनी लेख आले. एका वर्षापूर्वीच कामगारांचा मोठा संप फसला होता. १९०९ च्या ऑगस्टमध्ये तीन लाख माणसं कामावरून उतरली, महिनाभर शिस्तीत बसली आणि रिकाम्या हातानं परत गेली. कामगार महासंघाची सभासदसंख्या पुढे जवळपास निम्म्यावर आली. हरलेल्या माणसांना एक आवाज हवा होता. साठी ओलांडलेल्या, तीन घटस्फोट झालेल्या, देव मानणाऱ्या, बायकांविषयी वाटेल ते लिहिणाऱ्या या लेखकानं तो दिला. २२ जानेवारी १९१२ ला, त्याच्या त्रेसष्टाव्या वाढदिवशी, मशाली आणि लाल झेंडे घेऊन कामगारांची मिरवणूक त्याच्या खिडक्यांखालून गेली.

याच महिन्यात हेदिननं ‘इशाऱ्याचा शब्द’ म्हणून एक पुस्तिका काढली. रशिया येतोय, सावध व्हा. दहा लाख प्रती वाटल्या गेल्या. त्या काळी करवतींना धार लावणारे रशियन फिरस्ते स्वीडनच्या खेड्यांतून हिंडत. बघता बघता ते सगळे हेर ठरले. युद्धनौकेची वर्गणी याच हवेवर फुगली. म्हणजे वर्गण्या दोन असल्या तरी भांडण एकच होतं : हा देश कोणाचा, पुतळ्यातल्या राजाचा की संपात हरलेल्या माणसाचा?

स्टाफ यांचं नशीब असं की ते या दोघांच्या मधे उभे होते. वकील माणूस, रुक्ष, नेमका, इंग्लंडच्या संसदीय पद्धतीचा भोक्ता. राजा राज्य करील पण कारभार मंत्री करतील, एवढंच त्यांचं म्हणणं. यासाठी त्यांचा जितका छळ झाला तितका त्या काळात कोणाचाच झाला नसावा. त्यांच्या चेहऱ्याच्या आकाराच्या राखदाण्या बाजारात विकायला आल्या होत्या. प्रतिष्ठित घरांत जेवणानंतर पाहुणे सिगार पेटवत आणि पंतप्रधानांच्या तोंडात विझवत. या काळावरची जाडजूड पुस्तकं वाचूनही जे कळलं नव्हतं ते मला या राखदाणीनं सांगितलं. सुसंस्कृत म्हणवणाऱ्या वर्गाला लोकशाहीची किती किळस होती, ते.

६ फेब्रुवारी १९१४ ला तीस हजारांवर शेतकरी आपापल्या प्रांताचे झेंडे घेऊन राजवाड्याच्या चौकात जमले. संरक्षण वाढवा ही त्यांची मागणी होती. राजा गुस्ताव पाचवा पायऱ्यांवर आला आणि त्यानं भाषण केलं : पायदळाचं प्रशिक्षण आत्ताच वाढलं पाहिजे, सरकार काहीही म्हणो. ‘माझं सैन्य’, ‘माझं आरमार’ असे शब्द त्यात होते. भाषण लिहून देण्यात मुख्य हात कोणाचा होता? स्वेन हेदिनचा. १९१० चा साहित्यिक वाद राजवाड्याच्या पायऱ्यांवर असा येऊन पोचला. दोन दिवसांनी कामगारांचा मोर्चा निघाला, शेतकऱ्यांपेक्षा मोठा, आणि त्याचं म्हणणं सामाजिक लोकशाही पक्षाचे नेते याल्मार ब्रांटिंग यांनी सरकारपुढे मांडलं. स्टाफ यांनी राजाला, यापुढे मंत्र्यांना न विचारता राजकीय भाषण करणार नाही असं सांगा, अशी अट घातली. राजानं नकार दिला. १० फेब्रुवारीला सरकार गेलं.

लोकशाही तिथेच संपू शकली असती. राजानं उच्च अधिकारी याल्मार हामरशोल्ड यांना नेमलं आणि सहा महिन्यांत युरोपात युद्ध पेटलं. (पुढे संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस झालेले दाग हे त्यांचेच चिरंजीव.) स्वीडन तटस्थ राहिला, पण हामरशोल्ड यांची तटस्थता कायद्याच्या पुस्तकातली होती. ब्रिटनशी व्यापारी करार करायला ते तयार नव्हते आणि धान्य येईना. १९१७ च्या आरंभी पावावर रेशन आलं. लोकांनी पंतप्रधानांच्या आडनावाचा अर्धा भाग बदलून त्यात भूक घातली. वसंतात बायका बटाट्यांसाठी दुकानांवर चालून गेल्या, शिपाई मोर्च्यांत सामील झाले. एप्रिलमध्ये लेनिन स्वित्झर्लंडहून पेत्रोग्रादला जाताना एक दिवस स्टॉकहोममध्ये थांबला आणि यजमानांनी त्याला नवे कपडे घेऊन दिले. जूनमध्ये संसदेसमोर घोडेस्वार पोलिसांनी जमावावर तलवारी उपसल्या.

ब्रांटिंग यांची खरी परीक्षा इथे होती. ते खगोलशास्त्र शिकलेले, सुखवस्तू घरातले. वेधशाळा सोडून वर्तमानपत्र चालवायला गेले आणि १८९६ साली उदारमतवाद्यांच्या मदतीनं संसदेत आपल्या पक्षाचे पहिले सभासद झाले. रशियातली वाट धरायची की मताची वाट धरायची? त्यांनी दुसरी निवडली, आणि त्यापायी हॉगलुंडसकट पक्षाची डावी फळी गमावली. ऑक्टोबर १९१७ मध्ये निल्स एदेन यांच्या उदारमतवाद्यांबरोबर ते सरकारात बसले. राजानं संसदेतल्या बहुमताचा निर्णय मान्य केला तो इथपासून. वर्षभरानं जर्मनीत कैसर पळाला आणि स्टॉकहोमच्या पहिल्या सभागृहातल्या जमीनदारांना घाम फुटला. डिसेंबर १९१८ मध्ये त्यांनी स्थानिक निवडणुकांतली पैशाची मतं सोडून दिली. हे औदार्य नव्हतं. बर्लिनमधलं दृश्य आपल्या खिडकीखाली नको होतं. पण हुशारीनं माघार घेणं हाही एक गुण आहे, आणि युरोपात तो तेव्हा दुर्मीळ होता.

भीती नुसती असती तर मात्र पुढचं टिकलं नसतं. टिकलं ते ज्यांच्या हाती कारभार आला त्यांना सभा चालवता येत होती म्हणून. हे शिक्षण कुठे मिळालं, हा मला या सगळ्या कहाणीतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. १९०२ मध्ये लुंड इथे ऑस्कर ओलसन या शिक्षकानं दारूबंदी चळवळीच्या शाखेत एक अभ्यासमंडळ सुरू केलं. पाचदहा जणांनी मिळून पुस्तकं घ्यायची, आळीपाळीनं वाचायची, आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरात किंवा शाखेच्या खोलीत बसून बोलायचं. शिक्षक नाही, परीक्षा नाही. वर्ष संपलं की पुस्तकं शाखेच्या ग्रंथालयात जायची, म्हणजे पुढच्या मंडळाला ती आयती मिळत. १९१२ पासून या ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळू लागलं, आणि त्याच साली कामगारांची स्वतःची शिक्षणसंस्था उभी राहिली. सुतार, विणकर, रेल्वेतला पोर्टर या खोल्यांतून इतिवृत्त लिहायला शिकले, विरोधकाचं बोलणं संपेपर्यंत गप्प बसायला शिकले, हिशेब तपासायला शिकले. पुढे मंत्रिमंडळाच्या बैठकीत बसताना त्यांना त्यात परकं काही वाटलं नाही.

दारूबंदीचं प्रकरण मात्र गमतीचं आहे. १९०९ च्या संपात दारूविक्री बंद ठेवली होती आणि ती शांतता पाहून चळवळीचा हुरूप वाढला. २७ ऑगस्ट १९२२ ला सार्वमत झालं. पुरुष आणि स्त्रिया यांच्या मतपत्रिका वेगळ्या ठेवल्या होत्या, त्यामुळे आज आपल्याला ठाऊक आहे की बहुसंख्य बायकांनी बंदी मागितली, बहुसंख्य पुरुषांनी नाकारली. बंदी अगदी थोडक्यात हरली. व्यंगचित्रकार आल्बर्ट एंगस्ट्रोमचं एक भित्तिचित्र तेव्हा गाजलं. त्यात खेकड्यासारख्या लाल क्रेफिशच्या थाळीसोबत घोटभर घेता आलं नाही तर कसं, एवढाच मुद्दा होता.

बायकांची कहाणी वेगळ्या प्रकरणात सांगितली आहे, कारण ती पुरुषांच्या कहाणीला जोडून सांगितली की तिची चाल बिघडते. मताधिकारासाठी त्यांनी १९१३-१४ मध्ये ३,५१,४५४ सह्या गोळा केल्या. १९११ साली स्टॉकहोमला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सेल्मा लागरलॉफ बोलायला उभ्या राहिल्या. शाळामास्तरीण, लंगडत चालणाऱ्या, दोन वर्षांपूर्वी नोबेल मिळवलेल्या. त्यांनी मांडलं ते असं, की घर ही बाईची निर्मिती, राज्य ही पुरुषाची, आणि राज्य नीट झालेलं नाही कारण ते एकट्यानं बांधलं. युक्तिवाद आजच्या वाचिकेला पटेलच असं नाही. मलाही पूर्ण पटत नाही. पण सभागृहानं तो उचलून धरला. १९२१ च्या निवडणुकीत पाच जणी संसदेत गेल्या : कारखाना निरीक्षक केर्स्टिन हेसेलग्रेन, जमीनदारीण एलिसाबेत ताम, छायाचित्रकार नेली थ्यूरिंग, शिवणकाम करणाऱ्या आग्दा ओस्टलुंड आणि परिचारिका बेर्ता वेलिन.

मराठी वाचकाला हा देश अगदीच अनोळखी नाही. स्ट्रिंडबर्गच्या ‘स्वप्ननाटका’त इंद्राची मुलगी पृथ्वीवर उतरते आणि माणसांचं दुःख पाहते, त्यानं हे १९०१ मध्ये लिहिलं. १९१३ मध्ये रवींद्रनाथांना नोबेल मिळावं म्हणून अकादमीत जोर लावणारा हाच हेडेनस्टाम होता, आणि त्यामुळे मी त्याला बारावा कार्ल काही अंशी माफ केला आहे. सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांनी १९१७ पासून काही वर्षं स्टॉकहोममधून स्वातंत्र्याचं काम केलं. आणि अंबरनाथला विमको नाक्यावर उतरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, की तो आगपेटीचा कारखाना ईवार क्रूगरच्या स्वीडिश कंपनीच्या भांडवलातून उभा राहिला होता.

शेवटच्या भागाबद्दल दोन शब्द, कारण त्यावर आक्षेप येतील. १९१८ पर्यंत स्वीडनच्या काही गावांत अनाथ मुलं आणि निराधार म्हातारी माणसं लिलावात दिली जात. जो सर्वांत कमी पैशात सांभाळायला तयार होईल त्याच्या घरी ती जात. व्हिक्टर शोस्ट्रोमच्या ‘इंगेबोर्ग होल्म’ या १९१३ च्या मूकपटात एका विधवेची मुलं अशी जातात आणि ती वेडी होते. चित्रपट पाहून लोक हादरले, वर्तमानपत्रांत वाद झाला, आणि १९१८ च्या कायद्यानं लिलाव बंद केले. इतपत हे कोणत्याही सुधारणेच्या इतिहासात शोभेल. पण गरिबाला पदरात घेणाऱ्या याच राज्याला, पदरात कोण घ्यावा आणि कोण नको, हेही मोजून पाहावंसं वाटलं. उत्तरेतल्या सामी लोकांची बाजू एल्सा लाउला या तरुणीनं १९०४ मध्येच पुस्तिका लिहून मांडली होती. संसदेनं १९१३ मध्ये त्यांच्या भटक्या मुलांसाठी वेगळ्या, कमी शिकवणाऱ्या शाळा काढल्या. आणि १९२१ मध्ये, म्हणजे बायकांच्या मताधिकाराच्या त्याच साली, उप्सालाला वंशजीवशास्त्राची सरकारी संस्था काढायचं ठरलं. त्या ठरावाला उजव्या-डाव्या दोन्ही बाकांवरून पाठिंबा होता. पुढच्या वर्षी ती उघडली. हेर्मान लुंडबोर्ग यांची माणसं डोकी मोजायला आणि फोटो काढायला खेड्यापाड्यांत, शाळांत, सामी वस्त्यांत गेली. १९३४ चा नसबंदी कायदा आणि त्यानंतरची चाळीस वर्षं या पुस्तकाच्या कालमर्यादेबाहेर आहेत. संस्थेचा आरंभ मात्र आत येतो, म्हणून मी शेवटचं प्रकरण मतदान केंद्रावर न संपवता उप्सालाच्या त्या कचेरीत नेऊन संपवलं आहे.